सेलवर वर्षभर चालणारे तापमापक : निडीच्या ताईंना उत्तर



नागोठणे आणि रोहा यांच्या मध्ये निडी नावाचे लहानसे स्टेशन आहे. त्या गावच्या एका ताईंचे पत्र आले आहे. ताईंनी पडवीत कोंबडीची ५० पिल्ले वाढवायला घेतली आहेत. थंडीचे दिवस, म्हणून रात्री पिल्लांवर दिवा लावतात. पुतण्याने मुंबईहून सेलवर चालणारे एक तापमापक आणून दिले. त्याला एक वायर आहे आणि वायरीच्या टोकाला पोलादी नळी. तेव्हापासून घरात तीन आकडे झाले आहेत. दिव्याखाली टांगलेले जुने काचेचे तापमापक ३५ अंश दाखवते, शेजारी ठेवलेली पोलादी नळी ३३ म्हणते, आणि पुतण्याचा मोबाइल सांगतो २१. ताई विचारतात, "पिल्लांच्या जिवाचा प्रश्न आहे, खरे कोणाचे धरू? आणि एवढ्याशा सेलावर हे यंत्र वर्षभर कसे चालते? आत पारा नाही, काही नाही, मग त्याला उष्णता कळते कशी?"

ताई, प्रश्न तीन असले तरी मूळ एकच आहे. यंत्राला उष्णता कशी कळते हे समजले की कोणाचे किती धरायचे हे आपोआप समजते. म्हणून शेवटचा प्रश्न आधी घेऊ. (या लेखातले सगळे अंश सेल्सिअसचे आहेत.)

त्या पोलादी नळीच्या टोकाला तांदळाच्या दाण्याहून लहान असा सिलिकॉनचा तुकडा बसवलेला असतो. सिलिकॉन वाळूपासून काढतात. या तुकड्यावर ट्रान्झिस्टर कोरलेले असतात आणि अशा कोरलेल्या तुकड्याला चिप म्हणतात. रेडिओ, टीव्ही, मोबाइल सगळे यावरच चालते. आता ट्रान्झिस्टरला जन्मापासून एक खोड आहे. तो उष्णतेने बदलतो. रेडिओ बनवणाऱ्या इंजिनिअरांना ही खोड फार जाचली, कारण थंड सकाळी नीट लागलेले यंत्र भर दुपारी बिघडायचे. मग कोणाच्या तरी लक्षात आले की जी वस्तू उष्णतेने इतकी नेमाने बदलते तिलाच तापमापक का करू नये?

ही खोड कशी असते ते आपल्या खाचरावरून पाहू. ट्रान्झिस्टरमध्ये दोन भागांच्या मध्ये एक अडसर असतो. तो खाचराच्या बांधासारखा समजा. विजेचे कण एका बाजूला साठलेले असतात. बांधावरून पलीकडे जायचे तर पाण्याची पातळी वाढवावी लागते, तसा इथे विजेचा दाब वाढवावा लागतो. हा दाब साधारण ६०० मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टच्या निम्म्याहून थोडा जास्त. पण पाणी संथ असेल तर एक गोष्ट, आणि वाऱ्याने लाटा उठत असतील तर दुसरी. लाटा असल्या की पातळी थोडी कमी असली तरी पाणी बांधावरून उसळून जाते. उष्णता म्हणजे कणांची हीच उसळी. तापमान एका अंशाने वाढले की तेवढेच कण पलीकडे न्यायला सुमारे २ मिलिव्होल्ट कमी दाब पुरतो. जगभरच्या सिलिकॉनचा हा धर्म आहे, मग चिप जपानची असो की अमेरिकेची.

झाले तर मग, दाब मोजा आणि तापमान सांगा, असे वाटेल. पण इतके सोपे नाही. दोन खाचरांचे बांध कधी तंतोतंत सारख्या उंचीचे असतात का? चिपांचेही तसेच आहे. एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, एकाच तबकडीवर कोरलेल्या दोन चिपांत थोडा फरक राहतोच. आणि बांधाची मूळ उंची ठाऊक नसेल तर नुसत्या पातळीवरून लाटा किती उठल्या हे कसे सांगणार?

यावर काढलेली युक्ती आपल्या वाण्याला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. तेल आणायला तुम्ही घरचे भांडे घेऊन गेलात की तो आधी काय करतो? रिकाम्या भांड्याचा धडा करतो. भांडे किती वजनाचे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. भरलेल्यातून रिकामे वजा केले की तेल उरते. चिपमध्येही धडाच करतात. एका ट्रान्झिस्टरमधून ठरावीक प्रवाह सोडतात आणि तशाच दुसऱ्यातून त्याच्या आठपट. दोघांचे दाब मोजून एकातून दुसरा वजा करतात. बांधाची उंची दोघांतही सारखी, ती वजाबाकीत निघून जाते. जे उरते ते केवळ तापमानावर अवलंबून असते. आठपटीच्या बाबतीत हा फरक दर अंशाला सुमारे ०.१८ मिलिव्होल्टने वाढतो; ३० अंशाला तो सुमारे ५४ मिलिव्होल्ट भरतो. हा आकडा निसर्गाने ठरवलेला आहे, कारखान्याने नाही, आणि म्हणून त्यावर भरवसा ठेवता येतो.

आता मोजायचे म्हटले की माप हवे. चिपच्या आत फूटपट्टी कुठून आणणार? त्यासाठी आणखी एक चतुराई केली जाते आणि मला ती सगळ्यांत आवडते. पहिला दाब उष्णतेने दर अंशाला २ मिलिव्होल्ट उतरतो. दुसरा, वजाबाकीतून आलेला, ०.१८ ने चढतो. या दुसऱ्याला साधारण अकरापट करा. आता तोही दर अंशाला जवळजवळ २ ने चढेल. मग दोघांची बेरीज करा. एक जितका उतरतो तितकाच दुसरा चढतो, म्हणून बेरीज थंडीत, उन्हात सारखीच राहते, सुमारे १.२ व्होल्ट. ही झाली न हलणारी फूटपट्टी. ज्या दोन दाबांतून तापमान मिळाले त्यांतूनच ते मोजायची पट्टीही मिळाली.

या धर्तीची तयार तापमापक चिप १९७० नंतरच्या दशकात बाजारात आली. अमेरिकेतील ॲनालॉग डिव्हायसेस कंपनीच्या एडी ५९० या चिपचे वर्णन १९७६ साली प्रसिद्ध झाले. ती दर अंशाला एक मायक्रोअँपिअर, म्हणजे एका अँपिअरचा दहा लाखावा भाग, इतका प्रवाह जास्त सोडत असे. त्यानंतर नॅशनल सेमिकंडक्टरची एलएम ३५ आली. ती आजही आपल्याकडच्या पॉलिटेक्निकांत मुले पहिल्या प्रयोगाला घेतात. तुमच्या घरातला कोणी मुलगा किंवा मुलगी डिप्लोमाला असेल तर विचारून पाहा, नाव लगेच ओळखतील.

आता सेलाकडे येऊ. सेल वाचवणे म्हणजे पैसे वाचवणे असे आपल्याला वाटते. तापमापकाच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट आहे. ज्या वस्तूतून वीज जाते ती वस्तू तापते. तापमापकाने मोजताना स्वतःच गरम होऊन बसायचे, आणि मग आपलाच ताप हवेचा म्हणून सांगायचा, हा काही न्याय नव्हे. एलएम ३५ ही चिप ६० मायक्रोअँपिअरपेक्षा कमी प्रवाह घेते, म्हणून स्थिर हवेत तिचा स्वतःचा ताप ०.०८ अंशाच्या आसपास राहतो. तेवढ्याच आकाराच्या डबीत पंधरा-वीसपट वीज सतत जाळली तर तोच फरक एक अंशाच्या वर जाईल. तेव्हा कमी वीज खाणारे तापमापक हे जास्त खरे बोलणारेही असते. हे काम करणारे इंजिनिअर मायक्रोअँपिअरसाठी एवढे का झगडतात याचे निम्मे उत्तर यात आले.

उरलेले निम्मे उत्तर झोपेत आहे. पोलादी नळीत बहुधा सापडणारी एक चिप म्हणजे डीएस१८बी२०. (अगदी स्वस्तातल्या काही यंत्रांत चिपऐवजी थर्मिस्टर नावाचा मणी असतो, त्याची गोष्ट वेगळी.) ही चिप मोजताना सुमारे एक मिलिअँपिअर घेते आणि बारीक मोजायचे तर तिला पाऊण सेकंद लागतो. मोजून झाले की ती झोपते. झोपेत तिला एका मायक्रोअँपिअरहूनही कमी पुरते. आता हिशेब मांडा. साधा पेन्सिल सेल २००० मिलिअँपिअर-तासांचा धरला आणि चिप सारखी जागी ठेवली तर २००० तासांत, म्हणजे ८३ दिवसांत सेल संपेल. पण दर पंधरा मिनिटांनी पाऊण सेकंद जागी केली, तर जागेपणाचा काळ बाराशेत एक भाग एवढाच होतो. सरासरी प्रवाह दीड-पावणेदोन मायक्रोअँपिअरवर येतो आणि कागदावर हाच सेल शंभर वर्षांहून जास्त पुरतो. अर्थात सेल तोवर थोडाच टिकणार, तो वयानेच मरेल. प्रत्यक्षात पडदा आणि इतर भागही खातात. आकडा मोबाइलवर पाठवणारे यंत्र असेल तर पाठवण्यालाच सगळ्यांत जास्त वीज लागते. पण तुमचे यंत्र वर्षभर कसे चालते याचे गुपित हे आहे : ते वर्षभर झोपलेले असते आणि मधूनमधून एक डोळा उघडून पाहते.

असे झोपून चालते, कारण तापमान हे सावकाशीचे काम आहे. पडवीतली हवा सेकंदा-सेकंदाला बदलत नाही. मोजायला वेळ आहे, आणि वेळ असला की थोड्या विजेत बारीक मोजता येते. चिपमध्ये मोजणी कशी होते पाहा. समजा कोठीत धान्याची बारीक धार सारखी पडते आहे. ती धार किती हे हवे आहे. कोठीत खुणेच्या वर धान्य आले की एक मापटे काढायचे, आणि किती मापटी निघाली ते मोजत राहायचे. दहा मापटी मोजलीत तर अंदाज ढोबळ. हजार मोजलीत तर धार अगदी बारकाईने कळेल. चिपमध्ये धान्याच्या जागी विजेचा भार असतो आणि मापटे म्हणजे आपली ती न हलणारी फूटपट्टी. मात्र एक सौदा कधी चुकत नाही. बारकाई दुप्पट हवी असेल तर वीज किंवा वेळ मिळून चौपट खर्चावा लागतो. निसर्ग इथे सवलत देत नाही. म्हणून चिपचा आराखडा करणारा माणूस आधी विचारतो, हे तापमापक कशासाठी? पिल्लांसाठी अर्धा अंश चालेल. लशीच्या पेटीलाही तेवढे चालते. मग उगाच दशांशाच्या शंभराव्या भागाची हौस कशाला?

आराखड्यातली खरी डोकेदुखी दुसरीकडे आहे. ते ०.१८ मिलिव्होल्ट फार लहान. ते वाढवणाऱ्या भागालाही स्वतःची चूक असते आणि ती चूक कित्येकदा मोजायच्या वस्तूहून मोठी. इथेही वाण्याचा तराजू मदतीला येतो. तराजूत पासंग असेल तर काय करतात? माल एकदा डाव्या पारड्यात ठेवतात, मग उजव्या, आणि सरासरी घेतात. चिपमध्ये ही पारड्यांची अदलाबदल सेकंदाला हजारो वेळा होते. आणि एकास आठ असे प्रमाण धरलेले ते ट्रान्झिस्टर? त्यांतही कोणी कमी, कोणी जास्त. मग त्यांना पाटाच्या पाण्यासारखी पाळी लावून देतात. प्रत्येकाला एकेकदा 'एकटा' व्हायची पाळी येते, आणि सगळ्यांचे उणे-अधिक वाटले जाऊन मिटते. हॉलंडमधील डेल्फ्टच्या तंत्र विद्यापीठात पर्टाइस, माकिन्वा आणि हाउसिंग या तिघांनी अशा युक्त्या एकत्र करून २००५ साली एक चिप दाखवली. ती उणे ५५ पासून १२५ अंशांपर्यंत ०.१ अंशाच्या आत बरोबर राहत होती. यांतले कोफी माकिन्वा हे नायजेरियातील ईफे इथे शिकलेले. या विषयातला जगातला मोठा माणूस आफ्रिकेतल्या विद्यापीठातून गेलेला आहे हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

मग वीज आणखी कमी का करीत नाहीत, असे कोणी विचारेल. करतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१४ साली ७१ नॅनोवॅटवर चालणारी चिप प्रसिद्ध केली. २०१७ साली कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो इथल्या हुई वांग आणि पॅट्रिक मर्सिए यांनी तर ११३ पिकोवॅटवर आणली. हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून असे पाहा. आपल्या घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा जेवढी वीज खातो तेवढ्यात त्या दुसऱ्या चिपा सुमारे आठ हजार कोटी चालतील.

पण इतके खाली गेले की खेकडा भेटतो. कोकणात कोणाला सांगायला नको. खाचराच्या बांधाला खेकड्याचे बीळ पडले, तरी पाट भरून वाहत असेल तर ते जाणवत नाही. पण पाणी थेंबाथेंबाने येत असेल तर सगळे त्या बिळातूनच जाते आणि खाचर कोरडे राहते. चिपमध्येही प्रत्येक ट्रान्झिस्टर थोडी वीज गळतो. मोजायचा प्रवाह मोठा असेल तर गळती खपून जाते. तो नॅनोअँपिअरवर किंवा त्याच्याही खाली आणला की गळतीच प्रवाहाच्या बरोबरीला येते. शिवाय ही गळती उष्णतेने भराभर वाढते. आठ-दहा अंश वाढले की साधारण दुप्पट. म्हणजे फार कमी विजेचे तापमापक नेमके उन्हाळ्यात दगा देण्याचा धोका. आराखडा करणारे मग बिळे बुजवत बसतात. कधी मोठे, सावकाश चालणारे ट्रान्झिस्टर घेतात, कधी गळती मोजून ती वजा करतात. म्हणून या कामाला नव्यातले नवे, अतिबारीक कोरीव काम लागतेच असे नाही. मिशिगनची चिप १८० नॅनोमीटरच्या जुन्या पद्धतीवर कोरलेली होती. याच मापाचे कोरीव काम आपल्या देशात मोहालीला होते. मुंबईच्या आय.आय.टी.त प्रा. माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आराखडा केलेला 'अजित' हा प्रोसेसर २०१९ साली तिथेच कोरला गेला. तो तापमापक नव्हे, संगणकाचा मेंदू आहे. पण तापमापक चिपेला लागणारे हात आणि कारखाना आपल्याकडे आहेत हे त्यावरून कळते. आय.आय.टी.तूनच पुढे आलेल्या एका उद्योगाने 'सॉइलसेन्स' नावाचे शेतासाठीचे साधन केले आहे. त्यात मातीची ओल, मातीचे तापमान, हवेचे तापमान आणि दमटपणा मोजणारे भाग एकत्र आहेत. आतल्या चिपाही इथल्या झाल्या तर बरे, असे मला वाटते.

ही लहान तापमापके आता आपल्याभोवती किती आहेत याची मोजदाद करणे कठीण. मोबाइलच्या आतच कित्येक असतात. पण ताई, ती तुमच्या पडवीची हवा मोजत नाहीत. ती मोबाइलच्या प्रोसेसरचा आणि बॅटरीचा ताप पाहतात. भर उन्हात बांधावर मोबाइल ठेवला की तो मंद होतो, कारण आतल्या तापमापकाने त्याला दम खायला सांगितलेले असते. पडद्यावर दिसणारे २१ अंश हे परिसराच्या हवामानाच्या हिशेबातून आलेले असतात. तुमच्या दिव्याखाली ते यंत्र कधी आलेलेच नाही. तेव्हा पिल्लांच्या कामाला तो आकडा सोडून द्या. रात्री थंडी किती पडेल, पोती कधी लावावीत, एवढ्यापुरता तो घ्या.

लशीचे उदाहरण घरोघरचे आहे. बाळाच्या बहुतेक लशी २ ते ८ अंशांत राखाव्या लागतात. त्यापेक्षा तापल्या तर निकामी, आणि काही गोठल्या तरी निकामी. बाटलीकडे पाहून हे कळत नाही. म्हणून २०१५ पासून 'ईविन' या सरकारी योजनेत लशींच्या शीतपेट्यांना तापमापके बसवली जाऊ लागली. ती आपल्या आतल्या सिमकार्डावरून आकडा परस्पर कळवतात. पिल्लांना पहिल्या आठवड्याच्या अखेरीस राणीखेतची लस द्यायची असते, तीही थंडच लागते. दवाखान्यातून आणताना बर्फाच्या थर्मासमधून आणा आणि उघडली की लगेच वापरा.

आंब्यावाल्यांसाठी तर हा आकडा थेट पैशाचा आहे. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्यात नुकसान पाहायला कोणी झाडाखाली येत नाही. ठरलेल्या काळात, ठरलेल्या अंशाच्या वर किंवा खाली तापमान सलग काही दिवस राहिले का, एवढेच पाहतात. आणि ते पाहतात तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. 'महावेध' योजनेखाली २०१७ पासून राज्यात अशी दोन हजारांहून जास्त स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. सूर्याच्या उजेडावर भरणारी बॅटरी, आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसले तरी मोजणी चालू. विजेची काटकसर इथे उपयोगी पडते, कारण केंद्र एक दिवस बंद पडले तर सलग दिवसांची साखळी तुटते. आणि अर्ध्या अंशाची चूक असेल तर विमा मिळणारा आणि न मिळणारा यांची अदलाबदल होऊ शकते. म्हणून माझे म्हणणे असे की आपल्या मंडळाचे केंद्र कुठे आहे ते गावातल्या दोघा-चौघांनी एकदा जाऊन पाहावे. आसपास गवत माजले आहे का, शेजारी पत्र्याची शेड किंवा सिमेंटचा ओटा झाला आहे का, वेल चढला आहे का. तसे असेल तर मंडळ कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवावे. घरच्या तापमापकावर विमा मिळत नाही, पण केंद्राची जागा बिघडली असेल तर ती वेळेवर निदर्शनास आणणे आपल्या हातात आहे.

जागेचे महत्त्व किती याचा एक दाखला पुण्याचा आहे. हवामान खात्याचे एल. ए. रामदास यांनी १९३२ च्या सुमारास पुण्यात जमिनीपासून वेगवेगळ्या उंचीवर तापमापके लावून रात्रीची थंडी मोजली. तोपर्यंत सगळ्या जगाची समजूत अशी की निरभ्र, निवांत रात्री सर्वांत थंड जागा म्हणजे जमीन. रामदासांना दिसले की सर्वांत थंड थर जमिनीला टेकून नसतो, तर काही इंच ते फूट-दोन फूट वर तरंगत असतो. परदेशात कित्येक वर्षे कोणाचा विश्वास बसेना. मोजण्यातच चूक झाली असेल असे म्हणत. पुढे तिकडच्यांनी स्वतः मोजून पाहिले, तेव्हा मान्य झाले. आज या थराला रामदासांचेच नाव आहे. ताई, वीतभर वर-खाली केले की आकडा बदलतो. मग तुमच्या दिव्याखाली दोन तापमापकांत २ अंशांचा फरक पडावा यात नवल काय?

त्या दोघांचा निवाडा असा. दिवा हवेला तर तापवतोच, शिवाय त्याची धग थेट वस्तूवर पडते. काचेच्या तापमापकाचा लाल किंवा काळपट गोळा ती धग शोषतो आणि हवेपेक्षा जास्त दाखवतो. चकचकीत पोलादी नळी बरीच धग परतवते, म्हणून कमी दाखवते. म्हणजे दोन्ही आपापल्या परीने खरे बोलत असतील. पण आधी दोघांची परीक्षा घ्या. एका भांड्यात बर्फाचा चुरा भरा, त्यात जेमतेम बुडेल इतके पाणी घाला, ढवळा आणि पाच मिनिटे थांबा. तिथे शून्य अंश असते. पोलादी नळी त्यात बुडवा. यंत्राची डबी मात्र बाहेर ठेवा. शून्याच्या अर्ध्या अंशाच्या आत आली तर उत्तम. मग कोमट पाण्यात नळी आणि घरातले ताप पाहायचे सेलवरचे तापमापक एकत्र धरा. ३७-३८ अंशांच्या आसपास दोघे जुळायला हवेत. पिल्लांना लागणारे तापमान जवळपास तिथेच आहे, म्हणून ही दुसरी परीक्षा तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. काचेच्या तापमापकाचीही हीच परीक्षा घ्या. एखादे दोन्ही ठिकाणी सारखेच चुकत असेल तर ते टाकू नका. तेवढा आकडा कागदावर लिहून त्याला चिकटवा आणि वजा करीत जा. हाही धडाच.

परीक्षा झाली की नळी टांगायची ती दिव्याच्या बरोबर खाली नको. दिव्याच्या उजेडाच्या कडेला, पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे भुईपासून दोन-अडीच इंचांवर टांगा. पहिल्या आठवड्यात तिथे ३५ च्या आसपास हवे. मग दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करीत न्या, दिवा थोडा वर उचलून. आणि पिल्लांकडे पाहा. दिव्याखाली एकावर एक चढून घट्ट बसली तर त्यांना गारठा आहे, मग यंत्र काहीही म्हणो. दिव्यापासून लांब, चोची उघडून, पंख सोडून बसली तर फार झाले. सगळीकडे सारखी पसरून टिपत असतील तर ठीक आहे. रात्री वीज जाते त्या वेळी मात्र पिल्ले दिसत नाहीत. तेव्हा उशाशी ठेवलेल्या डबीवरचा आकडा उपयोगी पडतो, कारण तिला घरची वीज लागतच नाही. ३० च्या खाली जायला लागला की उठून पिल्ले टोपलीत कोंड्यावर घ्या, वर गोणपाट टाका. हवेला मात्र वाट ठेवा.

आणखी एक. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट की यंत्राच्या आतल्या जोडण्यांवर ओल बसते, आणि त्या ओलीतून वीज गळते. चिपेच्या आतले खेकडे इंजिनिअराने बुजवले, तरी बाहेरचे आपल्यालाच पाहावे लागतात. पिल्ले मोठी झाली की सेल काढून ठेवा, नाहीतर तो फुटून आत हिरवे चढते. यंत्र कोरड्या फडक्याने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून जरा दूर फळीवर ठेवा. पुढच्या थंडीत पुन्हा काढाल तेव्हा आधी बर्फाची परीक्षा घ्या, मग नवे सेल घातल्याची तारीख डबीच्या पाठीवर लिहून ठेवा.